ड्वार्फ, ड्वार्फ्स की ड्वार्व्ह्ज? (काल्पनिक प्राण्यांच्या अनेकवचनांचा घोळ)

गुहामालक
मंडळी, प्रश्न क्षुल्लक आहे हे आधीच कबूल करतो, म्हणजे पहिल्या तीन प्रतिसादांत ते कुणी सांगायला नको.

गेलं दीड वर्ष दर रविवारी कोथरूडला आमच्याकडे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (डी अँड डी) चालतं, म्हणजे एकेक पात्र घेऊन, फासे टाकत गोष्ट खेळायची. पाच खेळाडू, गोष्ट चालवणारा डंजन मास्टर मी, पोहे आळीपाळीने. खेळ मराठीतून. नव्या मोहिमेसाठी मी चार पानी टिपण छापून वाटलं. आमच्यातली एक जण प्रूफं तपासायचं काम करते. तिने ते लाल करून परत दिलं. गोष्टींतल्या दाढीवाल्या बुटक्यांना पहिल्या पानावर मी 'ड्वार्फ्स' लिहिलं होतं, दुसऱ्यावर 'ड्वार्व्ह्ज', तिसऱ्यावर नुसतंच 'पाच ड्वार्फ' आणि चौथ्यावर 'ड्वार्व्ह्जांनी'. खाली शेरा : "आधी ठरवा, मग मारा."

म्हटलं, मूळ इंग्रजीत काय आहे ते बघू. फळीवरचे डबे काढले, जुने गेम उघडले आणि आणखीच गोंधळलो. वॉरहॅमरमध्ये 'ड्वार्फ्स'. डी अँड डीत 'ड्वार्व्ह्ज'. वॉरक्राफ्टमध्येही 'ड्वार्व्ह्ज', पण तिथे नागा एक असो की पन्नास, 'नागा'च. 'हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३'मध्ये त्याच नागाला शेपटीमागे एस लागतो. 'ऑर्क'चं तर स्पेलिंगसुद्धा एका कंपनीच्या दोन खेळांत दोन प्रकारचं.

तर प्रश्न असा : यात काही नियम आहे का, की जो तो मनाला येईल ते करतो? आणि मराठीत लिहिताना आपण काय करावं?

पुणेरी_पिशाच्च
प्रश्न क्षुल्लक आहे.

शेंडेफळ
वरच्याला अनुल्लेखाने मारा. वाचतोय. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

अर्धविराम
ड्वार्फचं खापर लेखक टोल्किनच्या डोक्यावर फोडायचं. इंग्रजीत सरळ रूढ रूप 'ड्वार्फ्स' होतं. १९३७ साली 'हॉबिट' आलं, त्यात त्याने 'ड्वार्व्ह्ज' लिहिलं. त्याच वर्षी डिस्नेचा 'स्नो व्हाइट' आला, त्यातले सात जण मात्र 'ड्वार्फ्स'. म्हणजे एकाच वर्षात दोन घराणी सुरू झाली.

गंमत म्हणजे टोल्किन पेशाने भाषाशास्त्रज्ञ, तरुणपणी ऑक्सफर्डच्या शब्दकोशावर काम केलेला. त्याला नियम माहीत नव्हता असं नाही. 'एल्फ'चं 'एल्व्ह्ज' होतं त्या चालीवर हे आपसूक हातून उतरलं आणि प्रकाशकाला लिहिलेल्या पत्रात ही आपली खासगी व्याकरणाची चूक असल्याचं त्याने कबूलही केलं. पुढे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' छापायला गेलं तेव्हा छापखान्याने इमानेइतबारे सगळीकडे 'ड्वार्फ्स' करून ठेवलं आणि हा भडकला. तोवर चूक त्याच्या लेखी चूक राहिली नव्हती. गोष्टीतली माणसं वेगळी, तर त्यांचा शब्दही वेगळा, असं म्हणून तो अडून बसला.

शब्द जुन्या वळणाने चालत आला असता तर अनेकवचन 'ड्वॅरोज' झालं असतं, असंही त्याचंच म्हणणं. ते त्याने एका जागी वापरलंय : मोरियाच्या खाणीचं नाव 'ड्वॅरोडेल्फ'.

तेव्हा गुहामालक, तुमच्या प्रूफवाल्या बाईंना सांगा की छापखाना आणि लेखक यांचं हे भांडण जुनं आहे.

गुहामालक
सांगितलं. उत्तर आलं : "छापखाना बरोबर होता."

तारांगण
थोडं अवांतर. खगोलशास्त्रात अजूनही 'व्हाइट ड्वार्फ्स'च म्हणतात. तिथे टोल्किनची डाळ शिजली नाही. आपण त्याला 'श्वेत बटू' म्हणतो आणि आपल्याकडे वादच नाही : एक बटू, दहा बटू. चंद्रशेखर मर्यादा, म्हणजे सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमान, दोन्हींना सारखीच लागू. २००६ साली प्लूटोला खाली उतरवलं तेव्हा तोही 'बटुग्रह' झाला.

ड्वार्फला 'बटू' का म्हणत नाही तुम्ही?

फाशांची_राणी
@तारांगण, कारण बटू म्हटलं की डोळ्यासमोर मुंजीतला मुलगा येतो, हातात पळसाचा दंड आणि 'भवति भिक्षां देहि'. त्याच्या हातात दुधारी कुऱ्हाड देऊन बघा बरं.

पुणेरी_पिशाच्च
आमच्या मुंजीत मी मामाच्या डोक्यात दंड घातला होता. चालेल.

मालवणी_मसाला
मूळ मुद्द्यावर येतो. २००५ च्या आसपास आम्ही कॅफेत तासाला २० रुपये मोजून डोटा (वॉरक्राफ्टवरच बेतलेला गेम) खेळायचो. 'नागा सायरन' नावाची बाई होती. कणकवलीचा माझा मित्र दर वेळी विचारायचा, नाग पुरुष ना रे, मग ही नागीण का नाही?

पण आता धागा वाचताना ट्यूब पेटली. वॉरक्राफ्टवाल्यांनी नकळत मराठी व्याकरण पाळलंय की! आपल्याकडे एक नाग, दहा नाग. एक राक्षस, दहा राक्षस. शेवटी 'आ' नसलेला पुल्लिंगी शब्द अनेकवचनात हलतच नाही. एस लावून 'नागाज' करणारे हीरोजवाले चुकले आणि न लावणारे बरोबर.

अर्धविराम
@मालवणी_मसाला, रोचक. पण त्यांनी ते मराठीकडे बघून केलेलं नाही हो. त्या लोकांची एक खोड आहे : परक्या वाटणाऱ्या जमातीला एस लावायचा नाही. टॉरेन, वॉर्गेन, पँडारेन, ड्रेनाय, सगळ्यांचं एकवचन-अनेकवचन एकच. ड्रेनायचा तर त्यांच्या भाषेत अर्थच 'हद्दपार झालेले', म्हणजे शब्द मुळातच अनेकवचनी. 'एल्डर स्क्रोल्स'मध्ये खाजीत तसेच. डी अँड डीतले ड्राऊ तसेच. एस लागला की प्राणी घरचा वाटतो, नाही लागला की लांबून आल्यासारखा. मरलॉकला एस लागतो, कारण तो तळ्याकाठी 'मर्गल मर्गल' करणारा किरकोळ मासा. त्याला कोण मान देतो!

मालवणी_मसाला
म्हणजे 'अहो' आणि 'अरे'चा फरक म्हणा ना.

दखनी_चाय
जिनांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. अरबीत 'जिन' हा समूहवाचक शब्द, त्यातला एकच हवा असेल तर 'जिन्नी'. डी अँड डीने हे बरोबर उचललं : एक जिन्नी, अनेक जिन. इथवर शंभर गुण. मग त्यांना वाटलं की सगळ्या अरबी भुतांचं असंच असणार आणि त्यांनी एक 'इफ्रीती', अनेक 'इफ्रीत' करून टाकलं. अरबीत 'इफ्रीत' हाच एकटा असतो आणि अनेक झाले की 'अफारीत'. म्हणजे एका शब्दाचा नियम दुसऱ्याला चिकटवला आणि पन्नास वर्षं तो तसाच चाललाय. हीरोजमध्येही 'इफ्रीती' आहे आणि बढती मिळाली की तो 'इफ्रीत सुलतान' होतो. पगार वाढला, मात्रा घटली.

लहानपणच्या मराठी गोष्टीत मात्र अल्लाउद्दीनच्या दिव्यातून थेट 'राक्षस' निघायचा. आपण या भानगडीत पडलोच नाही.

शेंडेफळ
राक्षसावरून आठवलं. डी अँड डीच्या १९७७ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये आपला राक्षस आहे. वाघाचं तोंड आणि हाताचे पंजे उलटे! आपल्याकडे भुतांचे पाय उलटे असतात, यांनी हात उलटे केले. बहुतेक कुणीतरी फोनवरून वर्णन सांगितलं असावं.

पुणेरी_पिशाच्च
उलट्या हाताने पोहे कसे खातो?

फाशांची_राणी
राक्षसाचं इंग्रजीत 'राक्षसाज' होतं. उच्चारून बघा. राक्षसाचं सामान वाटतं.

अर्धविराम
आता थोडं यंत्राच्या पोटात जाऊ. 'नेटहॅक' हा १९८७ पासूनचा गेम. चित्रं नाहीत, नुसती अक्षरं. त्याचा कोड कुणालाही वाचता येतो. त्यात अनेकवचन करण्यासाठी एक अख्खं फंक्शन लिहिलेलं आहे. साध्या शब्दाला एस लागतो, पण अपवादांचा तक्ता बघण्यासारखा आहे. ऑक्सचं ऑक्सन, माऊसचं माइस हे ठीक. त्याच रांगेत 'मुमाक'चं 'मुमाकिल', म्हणजे टोल्किनचे हत्ती त्याच्याच व्याकरणाने. 'जिन्नी'चं 'जिन' आहे. 'एरिनिस'चं 'एरिनिएस' आहे. आणखी एक यादी 'जसंच्या तसं' ठेवायच्या शब्दांची, त्यात मेंढ्या, निंजा, सामुराई आणि नाझगूल (टोल्किनचे काळे घोडेस्वार) एकत्र उभे. गाईम्हशींसारखे नाझगूल!

'ड्वार्फ फोर्ट्रेस'चा मार्ग आणखी सरळ. तिथे प्राण्याच्या फायलीत नाव तीनदा लिहावं लागतं : एकवचन, अनेकवचन, विशेषण. ड्वार्फ, ड्वार्व्ह्ज, ड्वार्व्हन. संगणकाने अंदाज करायचाच नाही, बनवणाऱ्याने लिहून द्यायचं. नवा प्राणी बनवणाऱ्याला मधल्या रकान्यात काहीतरी भरावंच लागतं, आणि बहुतेक घोळ तिथेच होतो. प्राणी बनवणारा एक, गोष्ट लिहिणारा दुसरा, बटणावरचा मजकूर लिहिणारा तिसरा.

'एल्डर स्क्रोल्स'मधलं 'डेड्रा' घ्या. त्यांच्याच जुन्या नियमाप्रमाणे 'डेड्रा' हे अनेकवचन आणि एकटा असेल तर 'डेड्रॉथ'. पण गेममधली पात्रं सर्रास 'एक डेड्रा' म्हणतात. आणि 'डेड्रॉथ' नावाचा मगरीच्या तोंडाचा एक वेगळाच प्राणीही आहे. म्हणजे प्रत्येक डेड्रॉथ हा डेड्रॉथ असतो, पण प्रत्येक डेड्रॉथ डेड्रॉथ नसतो. कळलं?

शेंडेफळ
नाही.

पुणेरी_पिशाच्च
मला कळलं. आमच्या सोसायटीत 'सभासद' हा शब्द असाच वापरतात.

जर्सीकर
इकडे न्यू जर्सीत माझा आठ वर्षांचा मुलगा पोकेमॉनचा भक्त. मी एकदा 'किती पोकेमॉन्स झाले तुझे?' विचारलं तर दहा मिनिटं बौद्धिक ऐकावं लागलं. पोकेमॉनला एस नाही, पिकाचूला एस नाही, दहा पिकाचू म्हणजे दहा पिकाचू. शब्द जपानी आणि जपानीत असं अनेकवचन नसतंच, हे त्याला कुठून कळलं देव जाणे.

मग आजीशी मराठीत बोलताना म्हणतो, "आजी, माझे पिकाचू बघ." आजी म्हणते, "बघू तुझी पिकाचवं." दोघं आपापल्या जागी बरोबर!

माई_भाषांतरे
जर्सीकर, तुमच्या सासूबाई किंवा आई जे कोणी असतील त्यांना माझा नमस्कार सांगा, कारण अख्ख्या धाग्याचं उत्तर त्यांनी दिलंय.

मी ॲप आणि गेमच्या मजकुराची भाषांतरं करते. इंग्रजीवाल्यांचं भांडण एका अक्षराचं : एस, व्हीएस की काहीच नाही. मराठीत त्याच्या आधी एक पायरी आहे. लिंग ठरल्याशिवाय अनेकवचन होतच नाही. 'भूत' नपुंसकलिंगी, म्हणून 'भुतं'. 'खवीस' पुल्लिंगी, म्हणून 'खवीस'. 'हडळ' स्त्रीलिंगी, 'हडळी'. 'मुंजा'चे 'मुंजे'. आणि हे नामापाशी थांबत नाही, क्रियापदापर्यंत जातं. पाच खवीस मेले, पाच हडळी मेल्या, पाच भुतं मेली. इंग्रजीत रिकाम्या जागी आकडा आणि नाव घातलं की वाक्य तयार. आमच्याकडे तीन वाक्यं लागतात आणि मजकूर पाठवणारा जागा एकच देतो.

तांत्रिक तक्त्यांत मराठीला अनेकवचनाचे प्रकार दोन : एक आणि बाकीचे. पोलिशला तीन, कारण दोन ड्रॅगनचं रूप वेगळं आणि पाच ड्रॅगनचं वेगळं. अरबीला सहा. त्यामुळे सगळ्यांना वाटतं, मराठी सोपी! लिंगाचा रकाना त्या तक्त्यात नसतोच.

मग आम्ही पळवाटा काढतो. एक म्हणजे 'ना' लावायचा : "५ खविसांना मारलं", "५ हडळींना मारलं", "५ भुतांना मारलं". क्रियापद हलत नाही. दुसरी म्हणजे सरळ कारकुनी : "मारलेले शत्रू : ५". गुहामालक, तुमच्या चार पानांत 'ड्वार्फना', 'ड्वार्फनी' असं जिथे करता येईल तिथे करा, अर्धा प्रश्न मिटेल.

पण 'ड्वार्व्ह्जांनी' लिहिलंत त्याला माफी नाही. ते 'लेडीजांना'सारखं झालं. अनेकवचनाच्या डोक्यावर अनेकवचन.

पुणेरी_पिशाच्च
'लेडीजना जागा द्या' म्हणणारे कंडक्टर शहाणे म्हणायचे मग.

खडूस_आजोबा
संस्कृतात द्विवचन होतं. दोन ड्वार्फ असते तर 'ड्वार्फौ' म्हणून मोकळे झालो असतो. पुढच्या पिढ्या सोपं करायला गेल्या आणि हे झालं.

फाशांची_राणी
आजोबा, दोनच ड्वार्फ कधी येत नाहीत हो. 'हॉबिट'मध्ये ते तेरा येतात आणि घरातलं सगळं खाऊन जातात.

माईंना +१. पण इंग्रजीतून आलेल्या शब्दांचं लिंग ठरवतं कोण? बँकेच्या 'बँका' झाल्या, फाइलच्या 'फायली' झाल्या, पण बसच्या 'बसेस'च राहिल्या. 'हार्पी' ई-कारान्त स्त्रीलिंगी धरली तर नदी-नद्या तशी हार्पी-हार्प्या. आता 'हार्प्या' ऐकून तुम्हाला पंखवाली राक्षसीण दिसते का? मला आमच्या वाड्यातला हार्प्या दिसतो, बाळ्याचा धाकटा भाऊ.

शेंडेफळ
"ए हार्प्या, बॉल दे इकडे!"

मालवणी_मसाला
बॅन्शीचं 'बॅन्श्या'. ही त्याची मावशी.

दखनी_चाय
मेडुसाचं सांगा कुणीतरी. ती मुळात एकच होती, तीन गॉर्गन बहिणींपैकी एक. गेमवाल्यांनी तिच्या पलटणी केल्या. पेगॅससचंही तेच : घोडा एक, नाव त्याचं एकट्याचं, आणि आता 'पेगॅसाय'चे कळप उडतात. विशेषनामाचं अनेकवचन म्हणजे 'ऐरावत' चरायला सोडल्यासारखं.

खडूस_आजोबा
आमच्या ऑफिसात नारद सात होते. विशेषनामाचं सामान्यनाम आपल्याकडेही होतं, फक्त ते स्तुती म्हणून होत नाही.

अर्धविराम
'ऑर्क'बद्दल धाग्यात विचारलं होतं ते राहून गेलं. जुन्या वॉरहॅमरमध्ये 'ऑर्क' शेवटी सी घेऊन आणि १९८७ च्या 'वॉरहॅमर ४०,०००' या अंतराळातल्या भावंडात के घेऊन. २०१५ ला 'एज ऑफ सिग्मार' आलं तेव्हा त्यांनी सगळीच नावं बदलली : ऑर्कचे 'ऑरुक', एल्फचे 'एल्फ'च पण पुढे जास्तीचा ए, आणि ड्वार्फचे 'डुआर्डिन'. ज्याच्या त्याच्या तोंडी असलेला शब्द कंपनीच्या मालकीचा होत नाही, चमत्कारिक केला की होतो, असं खेळणारे म्हणतात. डी अँड डीवरही अशीच वेळ आली होती. १९७४ च्या पहिल्या पुस्तिकांत 'हॉबिट' होते, टोल्किनच्या हक्कवाल्यांनी डोळे वटारले आणि त्यांचे 'हाफलिंग' झाले.

यात 'डुआर्डिन'ने तुमचा मूळ प्रश्न सोडवलाय बघा. एक डुआर्डिन, हजार डुआर्डिन. फ्स नाही, व्ह्ज नाही.

पुणेरी_पिशाच्च
वकिलांनी व्याकरण सुधारल्याचं हे पहिलंच उदाहरण असावं.

वाचनमात्र
तीन वर्षं इथे नुसता वाचतोय, हा पहिला प्रतिसाद. मराठीत 'ड्वार्फ' पुल्लिंगी धरा आणि तसाच ठेवा. घर-घरं नको, बस-बसेस नको. दगड-दगड. संपलं.

शेंडेफळ
तीन वर्षं थांबून हे? स्वागत आहे. :)

गुहामालक
मंडळी, दोन रविवार झाले, हिशेब देतो.

वाचनमात्र यांचं ऐकलं. ड्वार्फ, एल्फ, ऑर्क, ट्रोल, ड्रॅगन सगळे पुल्लिंगी आणि अनेकवचनातही तसेच. 'एल्व्ह्ज' वगैरे हद्दपार. माईंचा 'ना' जागोजागी लावला. हार्पीला मी शरण गेलो, 'हार्पी मंडळ' असं लिहिलं. प्रूफवाल्या बाईंनी 'मंडळ' शब्दाभोवती लाल गोल काढून शेजारी 'नोंदणी क्रमांक?' लिहिलं.

पण खरी मजा पुढे. या मोहिमेत मी स्वतः बनवलेला एक प्राणी आहे, 'खुरमुंड'. खूर आणि मुंडकं, मध्ये फारसं काही नाही. टिपणात मी मुद्दाम त्याचं अनेकवचन कुठेच येऊ दिलं नव्हतं. बघू म्हटलं, पोरं काय करतात.

पहिल्या रविवारी खुरमुंडांच्या टोळीने ज्याच्या पात्राचा पाय तोडला तो म्हणत होता, "ते खुरमुंड परत आले." एका खेळाडूने त्यातलं एक जखमी पिल्लू उचलून पिशवीत घातलं. ती दुसऱ्या रविवारी विचारते, "माझ्या खुरमुंडाची भावंडं कुठे गेली? इतकी गोड खुरमुंडं!" आणि तिसरा, ज्याला त्यांचं रात्रीचं ओरडणं ऐकून झोप लागत नव्हती, तो म्हणाला, "रात्रभर खुरमुंडी रडत होत्या." एकाच टेबलावर तीन अनेकवचनं, आणि कुणी कुणाला टोकलं नाही. सगळ्यांना सगळं कळत होतं.

माई_भाषांतरे
पिल्लू दिसलं की नपुंसकलिंग, रात्री रडलं की स्त्रीलिंग. हे तक्त्यात कुठे बसवू सांगा आता.

फाशांची_राणी
पिशवीतल्याचं नाव काय ठेवलं?

गुहामालक
हार्प्या.